कान फुटणाऱ्यांनो, इकडं या (अनुभव धागा)

पेठेतली_सुमा
काल संध्याकाळी जिन्यात लसूण करपल्याचा वास आला म्हणून शेजारच्या काकूंकडं डोकावले. फोडणी नव्हती, नातवाच्या कानासाठी तेल कढवणं चाललं होतं. पोरगं कान धरून रडत होतं आणि मला शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं माजघर आठवलं.

माझा डावा कान प्राथमिक शाळेत असताना फुटला, तो वाहायचा थांबला थेट लग्नानंतर. मधली सगळी वर्षं कापसाचा बोळा. पावसाळ्यात पू, दिवाळीपर्यंत जरा कोरडा, उन्हाळ्यात मामाच्या विहिरीत उडी मारली की परत सुरू. लसूण तेल, तुळशीचा रस, माक्याचा रस, कुणीतरी सांगितलं म्हणून गोमूत्र, सगळं त्या कानानं पचवलंय. वर्गात मी डाव्या भिंतीला लागून बसायचे, म्हणजे चांगला कान बाईंकडं. वास यायचा. शेजारची मैत्रीण एक दिवस बाक बदलून गेली, बोलली काही नाही.

डॉक्टर काही कमी झाले नाहीत. प्रत्येकानं थेंब दिले, थेंब चालू असेपर्यंत बरं वाटायचं. शेवटी मिरजेत एकांनी कान आधी मशीननं ओढून साफ केला, दुर्बिणीतून बघितला आणि सांगितलं, पडद्याला भोक आहे, ते बुजत नाही तोवर पाणी गेलं की हे होतच राहणार. कान बरेच दिवस कोरडा राहिल्यावर ऑपरेशन केलं. कानाच्या वरच्या बाजूला स्नायूवर पातळ पापुद्रा असतो, तो काढून त्याचाच पडदा लावला.

काकूंना तेल घालू नका म्हटलं. पटलेलं दिसलं नाही. तुमचं लिहा, कशानं फरक पडला ते.

नाद_खुळा_०९
आमच्या आज्जीच्या लसूण तेलानं कान बरा झाला नाही, पण घरातले डास गेले.

कळंब्याचा_पक्या
माझं वेगळंच. पू नाही, ठणका नाही, नुसती खाज. इतकी की गाडी थांबवून किल्ली कानात घालायचो. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक थेंब दिले, आणखी वाढलं. परत तेच थेंब, जरा महागातले. मग कान गच्च बंद. ईएनटीवाल्यानं (कान-नाक-घशाचा डॉक्टर) आत बघितलं तर भिजलेल्या पेपरासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी! कानात बुरशी होते हे मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले पावसाळ्यात रांग लागते, त्यात हेल्मेट आणि दिवसभर इअरफोन. अँटिबायोटिकच्या थेंबांनी बुरशीला उलट रान मोकळं मिळतं. त्यांनी लगदा काढला, बुरशी मारायचे क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले आणि परत परत बोलावून साफ केलं. खाज गेल्यावरही थेंब लगेच बंद करायचे नाहीत म्हणाले. कान कोरायचे कापसाचे इअरबड घरातून हद्दपार. किल्ली अजून आहे, गाडी चालवायची म्हणून.

अनामिक_वाचक
धागा वाचता वाचता कान खाजायला लागला

राजारामपुरीची_पोरगी
मी पण, हाहा.
मी सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) गेलो होतो कान दाखवायला. सकाळी लवकर गेलो तरी केसपेपरची रांग होतीच, पण बघितलं नीट. ऐकण्याची तपासणी पण केली, बंद खोलीत हेडफोन लावून. आवाज आला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळी बटणं बरोबर दाबली. आलेख आल्यावर कळलं, २५ डेसिबलच्या आतलं ऐकू आलं तर कान चांगला, माझ्या उजव्याला चाळीसच्या पुढचंच ऐकू येतं. आई म्हणाली, म्हणून हाक मारली की येत नाहीस होय.

पेठेतली_सुमा
@पोरगी पडद्याला भोक असेल तर तेवढं ऐकू कमी येतं गं, पडदा लावल्यावर पुष्कळदा सुधारतं. माझं बऱ्यापैकी सुधारलं. तुला काय सांगितलं पुढं?

राजारामपुरीची_पोरगी
भोक बारीक आहे, कोरडा ठेवून बघूया म्हणाले. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस. नुसता कापूस पाणी ओढून घेतो म्हणे, त्याच्यापेक्षा न लावलेला बरा.

गंगावेस_वस्ताद
आमचे तर दोन्ही कान गेलेत. फोटो टाकू काय. लाल मातीत घासून घासून मोडलेत. पहिल्यांदा सुजला तेव्हा वस्ताद म्हणाले, आता तू पैलवान दिसायला लागलास. खासबागेत कुस्ती बघायला आलेली माणसं आधी कान बघतात, मग खांदे.

कळंब्याचा_पक्या
वस्ताद, ते इन्फेक्शन नव्हे हो. कातडी आणि कुर्चेच्या मध्ये रक्त साचतं, लवकर काढलं नाही तर कान तसाच आकसून बसतो.

गंगावेस_वस्ताद
ते माहीत आहे रे. पण रक्त काढायला डॉक्टरकडं गेला तर पोरं हसतात. माझ्या पुतण्याचं मात्र काढून आणलं, त्याची आई ऐकेना. आता त्याला पैलवान म्हणून कोण ओळखत नाही. घरी तांबडा-पांढरा मात्र दोन माणसांचा लागतो.

गडहिंग्लजकर_माहेरवाशीण
थोडं गंभीर लिहिते, माफ करा. माझ्या मावशीला साखरेचा त्रास. कान दुखायला लागला, वाटलं मळ असेल. दुखणं रात्री जास्त, जबड्यापर्यंत यायचं, गोळीनं झोपसुद्धा लागेना. घरात सगळे म्हणे वयानं होतं. कोल्हापूरला आणल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न साखरेचाच विचारला. कानातला स्राव तपासायला पाठवला, त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. सीटी स्कॅन केला तर कानाच्या भोवतीच्या हाडापर्यंत पोचलेलं. थेंबांचं काम नव्हतं ते, कित्येक आठवडे इंजेक्शनं चालली आणि साखर ताब्यात आणायला वेगळे डॉक्टर. वाचली. कुणाच्या घरात साखरेचं वयस्कर माणूस असेल आणि कान असा रात्री ठणकत असेल तर घरी थांबू नका. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते.

अनू_बालवाडी
@सुमाताई काकूंचा नातू केवढा आहे? लहान असेल तर त्याला झोपवून बाटलीनं दूध पाजतात का बघा. नाकामागून कानात जाणारी नळी लहान मुलांची आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की लगेच कानात. आमच्या अंगणवाडीत आरोग्याची टीम येते तपासायला (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची), ते कानही बघतात. एक मूल हाक मारली तरी वळायचं नाही, आम्ही सगळ्यांनी हट्टी ठरवलेलं. पडद्यामागं पाणी साचलेलं निघालं. आता माझ्यापेक्षा जास्त बडबडतं.

नाद_खुळा_०९
मला पण हट्टी ठरवलेलं. माझे कान चांगले निघाले.

लक्ष्मीपुरी_मेडिकल
दुकानात बसून लिहितोय, गिऱ्हाईक आलं की थांबेन. रोज एक तरी माणूस येतो, "कानाचं औषध द्या" एवढंच म्हणतो. कुठल्या कानाचं, कशाचं, काही नाही. भोक असलेल्या पडद्याला जेंटामायसिन, नियोमायसिनचे थेंब आत गेले तर आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याला धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन त्या मानानं सुरक्षित. मळ विरघळायचे थेंबसुद्धा भोक आहे का हे न बघता घालू नयेत. आणि फ्रीजमधली बाटली थेट कानात ओतली तर गरगरतं, मग म्हणतात औषध लागू पडलं नाही. मुठीत धरून ठेवा जरा वेळ, कुशीवर झोपून घाला, कानापुढचा टवका हलके दाबा, चार-पाच मिनिटं तसंच पडून राहा. आणि पू भरलेल्या कानात थेंब टाकले तर ते पुवावरच तरंगतात. आधी साफ, मग थेंब. आलो

पेठेतली_सुमा
"आधी साफ, मग थेंब" हे मला कुणी शाळेत असताना सांगितलं असतं तर!

इचलकरंजीचा_माग
माझ्या वडिलांचं लिहितो. आयुष्य मागावर गेलं, ऐकू कमी येतं ते मागाच्या आवाजानं, असंच घरात धरलेलं. कान थोडासाच वाहायचा, उशीला डाग पडायचा तेवढा. पण घाण वास. दुखत नव्हतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एक दिवस चहा पिताना तोंडाच्या एका कोपऱ्यातून चहा गळायला लागला. आम्हाला वाटलं अर्धांगवायू. मेंदूचं सगळं तपासून झालं, ते साफ. एका तरुण डॉक्टरणीनं वास ओळखला आणि कान बघितला. कोलेस्टिटोमा. आतल्या कातडीची गाठ, हाड खात जाते, चेहऱ्याची नस तिथूनच जाते. कानामागचं हाड कोरून ऑपरेशन झालं. तोंड बरंचसं सरळ झालं, कानातलं ऐकणं गेलं ते गेलंच. भरपूर पू वाहतो त्याला माणूस घाबरतो. हा प्रकार थोडा वाहतो आणि वास मारतो, म्हणून राहून जातो.

गडहिंग्लजकर_माहेरवाशीण
बाप रे. वडील आता कसे आहेत दादा?

इचलकरंजीचा_माग
बरे आहेत. चहा तेवढाच पितात. महात्मा फुले योजनेत बसलं, कानाची ऑपरेशनं त्यात येतात. पण आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, कागद नंतर गोळा करताना जीव जातो.

शुक्रवार_पेठ_रहिवासी
२०१९ च्या महापुरात घाण पाण्यातून सामान काढताना माझा कान बिघडला. डॉक्टर मिरजेचे आणि शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. फोनवर म्हणाले, काही घालू नका, कोरडा ठेवा. चहूकडं पाणी आणि कान कोरडा ठेवा! ठेवला मात्र. पाणी उतरेपर्यंत निम्मा त्रास गेला होता.

दाढदुखी_फेम
माझा कान पुष्कळ दिवस दुखला. कान स्वच्छ. शेवटी अक्कलदाढ निघाली. कानाचे थेंब देव्हाऱ्यात ठेवलेत.

कळंब्याचा_पक्या
@सुमाताई ऑपरेशननंतर पोहता येतं का? रंकाळ्याला फेऱ्या मारून कंटाळलो.

पेठेतली_सुमा
तुझी बुरशी, माझा पडदा, दोन्हीचे नियम वेगळे. तू तुझ्या डॉक्टरांना विचार. मला सुरुवातीला नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, विमान नाही, डोक्यावरून पाणी नाही. विमानाचा प्रश्नच नव्हता म्हणा. सासूबाई केस धुवायला लावत नाहीत म्हणून चार दिवस सुखात गेले.

राजारामपुरीची_पोरगी
कुणाला श्रवणयंत्राचं माहीत आहे का? माझ्या आजोबांचा कान वाहतोय आणि त्यातच यंत्र घालतात, काढ म्हटलं की चिडतात.

लक्ष्मीपुरी_मेडिकल
वाहत्या कानात यंत्राचा साचा घातला की हवा बंद, कान ओलाच राहतो. कान सुकेपर्यंत काढून ठेवायला सांगा. कायमच वाहत असेल तर हाडातून आवाज पोचवणारी यंत्रं मिळतात, ईएनटीला विचारून घ्या.

राजारामपुरीची_पोरगी
काढून ठेवतात हो कधीकधी, डबीत. मग डबी कुठं ठेवली ते आम्हाला विचारतात आणि आम्ही सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.