मदत हवी आहे: सहा दिवस टिकणारं जीपीएस घड्याळ

खारघरचा_भटक्या: डिसेंबरात सहा दिवसांच्या ट्रेकला निघायचंय. आत्ताचं घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारीच मान टाकतं. गेल्या खेपेला रतनगडापुढच्या कात्राबाईच्या खिंडीनंतर ट्रॅक, म्हणजे घड्याळातली चाललेल्या वाटेची नोंद, तुटला, अंधार पडत आलेला, सोबत दोन नवखी पोरं. फार घाबरलो होतो. पुन्हा तसं नको. कुठल्या कंपनीचं घेऊ, गार्मिन की कोरोस? लवकर सांगा, ऑफर रविवारपर्यंतच आहे.

येऊर_रोज: वाट कुठली? रोज किती तास रेकॉर्डिंग? बजेट?

गडवाट: सरळ गार्मिनचं इन्स्टिंक्ट २एक्स सोलर घ्या. उन्हाशिवाय ६० तास जीपीएस असं कंपनी सांगते. सगळी बटणं, त्यामुळे ओल्या हातांनीही चालतं. टॉर्चसुद्धा आहे.

ठाणे_पूर्व: त्यात नकाशा नाही, ट्रॅकची नुसती रेघ दिसते. वाट सुटली की रेघ किती लांब आहे ते कळतं. मधे दरी आहे की डोंगराची सोंड, ते नाही. कोरोस व्हर्टिक्स २ बघा. नकाशे आहेत आणि १४० तास.

गडवाट: कारवीतल्या ढोरवाटा कुठल्या नकाशात आहेत? आधी कुणी चाललेला ट्रॅक भरून नेला तर रेघच उपयोगी पडते.

ठाणे_पूर्व: आणि त्या ट्रॅकवर दरड आली असेल तर?

सानपाडा_७०५: गार्मिनचं इनरीच घ्या की, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र. रेंज नसली तरी मेसेज जातो.

येऊर_रोज: नको! आपल्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळांवर परदेशी ट्रेकर अडकलेत त्यापायी. वर सांगितलेली घड्याळं उपग्रहांचं फक्त ऐकतात, पाठवत काही नाहीत, म्हणून त्यांना अडचण नाही.

जुना_ट्रेकर: उंचीचं कुणी बोललंच नाही. घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढतं. हवा पालटली की जागेवर बसल्या बसल्या आकडा हलतो. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर लावून घ्यायचं.

खारघरचा_भटक्या: उंची नकोय काका, बॅटरी हवीय. वाट सांगायची राहिली: आंबेवाडीतून अलंग-मदन-कुलंग, मग साम्रदहून रतनगड, कात्राबाई, हरिश्चंद्रगड. रोज नऊ तास. बजेट चाळीस हजार, ओढूनताणून.

येऊर_रोज: म्हणजे ५४ तास. ६० वाल्यात जेमतेम बसेल, तेही घड्याळ नवं असताना. पण आधी सांगा, आत्ताच्या घड्याळात काय काय चालू असतं?

खारघरचा_भटक्या: सगळंच. स्क्रीन कायम पेटती, जीपीएसच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी, रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणं.

येऊर_रोज: अहो, मग ते मान टाकणारच! ऑक्सिजन बंद, स्क्रीन मनगट वळवल्यावरच, फोनचं ब्लूटूथ बंद. ट्रॅक रोज संध्याकाळी सेव्ह करा, म्हणजे घड्याळ बंद पडलं तरी मागचं जाणार नाही. घड्याळाची बॅटरी असते काहीशे एमएएचची. १०००० ची पॉवर बँक सहा रात्री सहज पुरते. चार्जिंगची केबल मात्र त्याच घड्याळाची लागते, ती विसरू नका. फक्त अल्ट्राट्रॅकसारखा बॅटरी वाचवणारा मोड लावू नका. ठिपके लांब लांब पडतात आणि नेमकी वळणं गाळली जातात.

ठाणे_पूर्व: हे पटलं. तरी ट्रॅक फोनमध्येही ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून.

मावळतीकडे: पोरं नवखी आहेत तर आंबेवाडीतला वाटाड्या घ्याच. मदनला दोर लागतो, तिथे घड्याळ काय करणार?

सानपाडा_७०५: साम्रदला गाडी ठेवता येते का कुणाकडे?

खारघरचा_भटक्या: वाटाड्या ठरलाय अलंग-मदनपुरता. शनिवारी प्रबळगडावर सगळं बंद करून नऊ तास चालवतो, किती टक्के उरतात ते रात्री इथे टाकतो. चाळीसच्या वर उरली तर ऑफर जाऊ दे, पॉवर बँक घेतो.