रिसीव्हरवर स्टेशनचं नाव दिसतं, पण रेडिओटेक्स्ट अर्धवट येतो. काय करू?

वैदेही_हॅरो
नमस्कार मंडळी. मी लंडनमध्ये हॅरोला राहते. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत आणि त्यांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची भारी गोडी लागली आहे. दिवसभर बीबीसी रेडिओ ३ चालू असतो, एफएमच्या ९१.३ वर. रिसीव्हर यामाहाचा, जुना पण धडधाकट. आवाज छान येतो, डिस्प्लेवर स्टेशनचं नावही येतं. पण रेडिओटेक्स्टचं (काय चालू आहे ते सांगणाऱ्या ओळीचं) बटण दाबलं की कधी नुसतं ‘वेट’, कधी अर्धंच वाक्य. काय चाललंय ते त्यांना वाचायचं असतं आणि सांगायला मी घरी नसते. सेटिंगमध्ये काही करायचं राहिलंय का? रिमोटवर ‘पीटीवाय सीक’ आणि ‘ईओएन’ अशीही बटणं आहेत, त्यांचा घरात काही उपयोग?

लहरी_क्रॉयडन
वैदेहीताई, सेटिंगला हात लावू नका. रिसीव्हरच्या मागे अँटेना कोणती आहे ते आधी बघा.

आवाज चांगला म्हणजे डेटाही चांगला, असं नसतं. आरडीएस, म्हणजे स्टेशनचं नाव आणि टेक्स्ट आणणारा आवाजासोबतचा डेटा, ५७ किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरवर (मुख्य लहरीवर चढवलेल्या उपलहरीवर) येतं, स्टीरिओची खूण म्हणून येणाऱ्या १९ किलोहर्ट्झच्या पायलट टोनच्या बरोबर तिप्पट. एफएमच्या ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनमधलं (लहर मागेपुढे हलते त्या पट्ट्यातलं) जेमतेम दोनेक त्याच्या वाट्याला येतं. वेग सेकंदाला ११८७.५ बिट, १०४ बिटांचा एक गट, म्हणजे सेकंदाला साडेअकराच्या आत-बाहेर गट. स्टेशनचं नाव आठ अक्षरांचं, चार गटांत पुरं होतं आणि सतत फिरून येतं, म्हणून ते तुम्हाला दिसतं. टेक्स्ट ६४ अक्षरांपर्यंत असतो आणि एका गटात चारच अक्षरं मावतात. पूर्ण ओळीला सोळा गट लागले. इमारतींवर आपटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळली की त्यातले एक-दोन गळतात आणि रिसीव्हर पुढच्या फेरीसाठी थांबतो. तुमचं ‘वेट’ ते हेच.

तुम्हाला ९१.३ मिळतं ते केंटमधल्या रूटमच्या मनोऱ्यावरून, म्हणजे अख्खं लंडन ओलांडून. टी आकाराची वायर असेल तर तिचे दोन्ही हात पूर्ण ताणून खिडकीशी लावा, रुंद बाजू आग्नेयेकडे. राउटर आणि एलईडी दिव्यांच्या अडॅप्टरपासून लांब. सासूबाईंना डिस्प्लेसमोर बसवा आणि तुम्ही वायर थोडी थोडी सरकवत राहा. ओळ पुरी उमटेल तिथे चिकटपट्टी. मोनो करून बघू नका, त्याने खरखर जाते, टेक्स्ट सुधारत नाही. माळा असेल तर तिथे डायपोल (दोन दांड्यांची अँटेना) आणि ७५ ओहमची कोअॅक्स (टीव्हीच्या अँटेनाला असते तशी गोल केबल), याच्यासारखं सुख नाही. आणि हे सासूबाईंना आधीच सांगा: ओळीत काय लिहायचं ते स्टेशन ठरवतं, दर वेळी रचनेचं नाव असेलच असं नाही.

पीटीवाय म्हणजे कार्यक्रमाच्या प्रकाराचा नंबर. युरोपात १४ म्हणजे गंभीर शास्त्रीय संगीत. अमेरिकेत यादीच वेगळी: १० नंबर इथे पॉप, तिथे कंट्री. नंबर लावणं स्टेशनच्या हातात, त्यामुळे त्या शोधावर मी फारसा विसंबत नाही. ठरलेली चार स्टेशनं प्रीसेटमध्ये टाका, त्यांना तेच सोपं. ईओएन मात्र कामाचं: चालू स्टेशन दुसऱ्या स्टेशनांची खबर देतं, म्हणून रेडिओ ३ ऐकताना दुसरीकडच्या बातम्या लागल्या की रिसीव्हर तिकडे जातो आणि संपल्यावर परत येतो. सिम्फनी मध्येच तुटलेली चालत नसेल तर बंद ठेवा.

कोथरूडचा_श्रोता
एक भर. माझ्याकडच्या यामाहाच्या मॅन्युअलमध्ये आरडीएसचं पान आहे, पण वर लिहिलंय ‘फक्त यूके आणि युरोप मॉडेल’. इथे भारतात घेणाऱ्यांनी मॉडेलचा प्रदेश आधी बघावा. लहरीदादा, आरडीएसचं घड्याळ आपल्या साडेपाच तासांना चालतं का?

लहरी_क्रॉयडन
चालतं. वेळ मिनिटाला एकदा येते, यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आणि स्थानिक फरक अर्ध्या तासांच्या हिशेबात. भारताचे ११ अर्धे तास. स्टेशनने पाठवली पाहिजे, एवढंच.

वैदेही_हॅरो
वायर कपाटामागे होती, काढून खिडकीला ताणली. आता पूर्ण ओळ येते! सासूबाई चष्मा लावून वाचताहेत. ईओएन बंद ठेवलंय, त्यांचीच आज्ञा. माळ्यावरचं शनिवारी करू. लहरीदादा, रिसीव्हरच्या मागे ७५ ओहमचं गोल सॉकेट आहे, कोअॅक्स थेट लागेल ना?