४०१ आणि ४०७ : मराठीत दोन वेगळे संदेश हवेत

रावपुरेकर: आमच्या वेब क्लायंटच्या (सर्व्हरकडून पानं मागवणाऱ्या प्रोग्रामच्या) मराठी आवृत्तीत ४०१ आणि ४०७ या एचटीटीपी कोडांना ‘अधिकृतता आवश्यक’ असा एकच संदेश आहे. ४०१ मध्ये सर्व्हर ओळख मागतो, ४०७ मध्ये प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर. लोक प्रॉक्सीच्या चौकटीत सर्व्हरचा पासवर्ड टाकतात, पुन्हा ४०७ येतो, चार-पाच वेळा झालं की खातं लॉक. शब्द सुचवा. ‘अनधिकृत’ सोडून.

दांडियाबाजार: ‘अनधिकृत’ बांधकामांनाच राहू द्या. ४०१ चं इंग्रजी नाव ‘अनऑथोराइज्ड’, तेही फसवंच. अर्थ एवढाच की आधी तुम्ही कोण ते सांगा. ओळख पटली पण परवानगी नाही, हे ४०३ चं काम. ‘ओळख पटवा’ लिहा.

मांडवी७: कोणाला पटवा? मेख तिथंच आहे. ४०१ सोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडर (निरोपाच्या माथ्यावरची माहितीची ओळ) येतो, उत्तर ‘ऑथोरायझेशन’मध्ये. ४०७ सोबत ‘प्रॉक्सी-ऑथेंटिकेट’, उत्तर ‘प्रॉक्सी-ऑथोरायझेशन’मध्ये. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) असेल तर क्लायंट आधी प्रॉक्सीला ‘कनेक्ट’, म्हणजे सर्व्हरपर्यंत बोगदा उघडून दे अशी विनंती, पाठवतो आणि ४०७ त्या कनेक्टलाच येतो. प्रॉक्सीचा हेडर सरसकट हेडरांच्या यादीत टाकला, तर बऱ्याच लायब्ररी (तयार कोडचे संच) तो कनेक्टवर लावतच नाहीत. ४०७ जागच्या जागी. ज्या दोन्हीकडे लावतात, त्यांत प्रॉक्सीचा पासवर्ड बोगद्यातून थेट सर्व्हरच्या हाती. ‘बेसिक’ या ओळख पटवायच्या साध्या पद्धतीत तो नुसता बेस६४, म्हणजे वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, उलगडायला किल्लीसुद्धा लागत नाही. कर्ल या कमांडलाइन साधनात म्हणूनच पासवर्डाचा मोठा यू (-U) प्रॉक्सीला, छोटा यू (-u) सर्व्हरला.

शब्दवेल्हाळ: प्रॉक्सीला ‘एवजी’ हा चांगला रुळलेला शब्द असताना ही कसरत कशाला? अरबी ‘इवज’, म्हणजे एकाच्या बदल्यात दुसरं. इथं बडोद्यात गुजराती ‘अवेजी’ तर सर्रास ऐकू येतो.

दांडियाबाजार: एवजी गैरहजर माणसाच्या जागी बसतो. इथं क्लायंट हजर आहे, मधल्यानं निरोप पोचवायचा. ‘मुखत्यार’ म्हणा हवं तर.

शब्दवेल्हाळ: सर्व्हरच्या लेखी क्लायंट गैरहजरच! आणि सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. त्याच गावात आपण ‘प्रॉक्सी’पुढे हात टेकायचे?

मांडवी७: कॉलेजातली पोरं एकमेकांची प्रॉक्सी लावतात, शब्द मराठी झालाय. चौकटीत ‘एवजीचा पासवर्ड’ वाचून हेल्पडेस्कचा फोन वाजेल.

रावपुरेकर: म्हणजे ‘प्रॉक्सीला ओळख पटवा’ आणि ‘सर्व्हरला ओळख पटवा’?

मांडवी७: चालेल, पण खाली त्या प्रॉक्सीचं नाव आणि पोर्टही दाखवा. आणि पासवर्ड बरोबर असूनही ४०७ येत असेल तर दोन गोष्टी बघा. प्रॉक्सीच्या पत्त्यातच पासवर्ड लिहिला असेल आणि त्यात ॲट चिन्ह असेल, तर ते टक्काचिन्ह व ४० असं लिहावं लागतं, नाहीतर पत्ता भलतीकडे तुटतो. दुसरं, जावा ८ च्या १११ व्या अपडेटपासून एचटीटीपीएसच्या बोगद्यासाठी बेसिक मुळातच बंद असतं.

दांडियाबाजार: ‘प्रॉक्सीला पटवा’ वाचून पोरं हसतील. ‘प्रॉक्सीकडे ओळख नोंदवा’.

शब्दवेल्हाळ: नोंदवणं म्हणजे नवं खातं उघडणं! बरं, चोरीच्या बातमीतला ‘ऐवज’ही याच ‘इवज’चा ना?