गाळाच्या कोअरमधली एक फिकट-गडद जोडी म्हणजे एक वर्ष का?

मांडवी_काठ

गोव्यासमोरच्या खंडान्त उतारावरून, साधारण ३५० मीटर खोलीवरून काढलेला ग्रॅव्हिटी कोअर (वजनाच्या जोरावर तळात रुतवलेल्या नळीतला गाळाचा उभा नमुना) अभ्यासाला मिळाला आहे. लांबी ४ मीटरच्या आसपास. उभा चिरल्यावर मधल्या भागात बारीक फिकट-गडद पट्टे दिसतात. वर आणि खाली मात्र एकसारखा हिरवट करडा गाळ आहे. पट्टे मोजून थेट वर्षं काढता येतील का, की कार्बन डेटिंग करावंच लागेल? आणि पूर्वीच्या पावसाचा अंदाज घ्यायला ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या तरंगणाऱ्या एकपेशीय जिवाच्या (फोरामच्या) कवचांतले ऑक्सिजन समस्थानिक (वेगळ्या वजनाचे ऑक्सिजन अणू) पुरेसे आहेत का? नमुने अजून कापलेले नाहीत, म्हणून आधीच विचारते आहे.

खोलपाणी

थेट वर्षं मोजू नका. पट्टे शाबूत राहिलेत याचा अर्थ एवढाच, की त्या काळात तळाचा गाळ ढवळणारे किडे आणि शिंपले तिथे जवळजवळ नव्हते. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीत ऑक्सिजन फारच कमी असतो आणि तुमचा कोअर नेमका त्यात येतो. पण जोडी वार्षिक ठरायला आणखी एक गोष्ट लागते: वर्षातून दोनदा, दोन वेगळ्या प्रकारचा गाळ, डोळ्यांना वेगळा दिसेल इतका जाड पडला पाहिजे.

कराचीसमोरच्या उतारावर तसं होतं. तिथल्या पट्ट्यांतून ५,००० वर्षांची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि ती मोजणी कार्बन तारखांशी ताडून पाहिलेली होती. तिथला फिकट पट्टा जमिनीवरून आलेल्या मातीचा, गडद पट्टा सेंद्रिय द्रव्याचा. व्हेनेझुएलासमोरच्या कारियाको खोऱ्यात बरोबर उलट: फिकट पट्टा कोरड्या, वाऱ्याच्या महिन्यांतल्या प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा) आणि गडद पट्टा पावसाळ्यात नद्यांनी आणलेल्या चिखलाचा. तेव्हा दुसऱ्या ठिकाणचा रंगांचा अर्थ आपल्या कोअरला लावू नका.

पडताळणी सोपी आहे. पट्ट्यांच्या भागाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तारखा घ्या. जोडीची सरासरी जाडी १.२ मिमी असेल आणि ती खरंच वार्षिक असेल, तर १ मीटरला सुमारे ८३० वर्षं यायला हवीत. तारखांनी ५,००० वर्षं दाखवली तर एका जोडीत सरासरी सहा वर्षं गेलेली आहेत, आणि मोजणीचा विषय तिथेच संपतो.

मोजताना तळाशी भरड आणि वर बारीक होत जाणारे, खालची सीमा धारदार असलेले थर वेगळे काढा. असा थर उतारावरून वाहत आलेल्या चिखलाचा असतो, काही तासांत बसतो. त्याची जाडी खोलीच्या मोजमापातून वजा करायची. मोठ्या प्रमाणावर हेच काय करू शकतं ते अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात दिसलं. समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या २०१५ च्या मोहीम ३५५ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी घसरून आलेला, एका ठिकाणी ३०० मीटरहून जाड थर सापडला.

माझ्या मते तुमच्या कोअरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात. पाकिस्तानच्या उतारावरच्या १,१०,००० वर्षांच्या नोंदीत (१९९८) पट्टेदार, सेंद्रिय द्रव्याने भरलेले थर ग्रीनलंडच्या बर्फात नोंदलेल्या उबदार टप्प्यांशी जुळतात आणि फिकट, ढवळलेले थर थंड टप्प्यांशी. म्हणजे पट्टे नसलेला गाळसुद्धा बोलतो: तेव्हा तळाशी ऑक्सिजन पोचत होता.

चाळणी_६३

मोजणी राहू द्या, आधी कोअर सांभाळा. चिरल्याबरोबर रंगपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. लोखंडाच्या सल्फाइडमुळे आलेला काळेपणा हवा लागताच उतरायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोत निम्मे पट्टे गायब असतात. पृष्ठभाग खरवडताना पट्टी आडवी, थरांना समांतर फिरवा. उभी ओढली की वरचा गाळ खाली फासला जातो आणि नसलेल्या रेघा तयार होतात. पट्टे खरे आहेत का हे पाहायला १ सेंमी जाडीची चकती कापून तिचा एक्स-रे काढा. अर्धा कोअर ४ अंश सेल्सिअसला राखीव ठेवा, त्याला हात लावू नका.

नमुने १ सेंमीच्या अंतराने. नळीला चिकटलेला बाहेरचा ३ ते ५ मिमी गाळ टाकून द्या. कोअर आत शिरताना तो खाली घासत गेलेला असतो. कोअर-कॅचरमधला (नळीच्या तोंडाशी गाळ अडवणाऱ्या झडपेतला) गाळ वेगळ्या पिशवीत, क्रमात धरायचा नाही.

धुताना: ४५-५० अंशांवर वाळवून वजन करा, १० ग्रॅम घ्या, डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा, मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा. सुटत नसेल तर थोडं कॅल्गन (चिकणमातीचे कण सुटे करणारी पावडर). हायड्रोजन पेरॉक्साइड टाळा. सेंद्रिय गाळ त्याने झटकन सुटतो खरा, पण द्रावण आम्लधर्मी होऊन पातळ कवचं खाऊन टाकतं, आणि उरलेल्या जाड कवचांवरून काढलेली टक्केवारी चुकीची येते. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून काढा. जाळीत अडकून राहिलेली कवचं निळी होतात; पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते मागच्या नमुन्याचं, बाजूला काढायचं.

मोजणीसाठी १५० मायक्रॉनच्या वरचा भाग स्प्लिटरने (नमुना समान भागांत वाटणाऱ्या पेटीने) विभागून किमान ३०० कवचं.

मांडवी_काठ

रंगाचं माहीत नव्हतं, आभार. कार्बन-१४ च्या फक्त सहा तारखांचा खर्च मंजूर आहे. समान अंतराने घेऊ का? आणि कोअर काढताना वरचा भाग किती गेला असेल ते कसं कळेल?

अर्धायुष्य

समान अंतराने नको. पहिल्या फेरीत तीनच: माथ्याजवळ, पट्ट्यांच्या वरच्या सीमेशी आणि कोअरच्या तळाशी. त्यावरून गाळ बसण्याचा वेग कळतो. मग उरलेल्या तीन जिथे वेग बदललेला दिसतो तिथे खर्च करा. त्यातली एक पट्ट्यांच्या खालच्या सीमेला हवीच.

तारीख प्लवक फोरामच्या कवचांवर घ्या, एकाच जातीच्या. सगळा सेंद्रिय गाळ एकत्र दिला तर जमिनीवरून वाहत आलेला जुना कार्बन त्यात मिसळतो आणि वय जास्त येतं. २५०-३५५ मायक्रॉनच्या रुबरचं एक कवच जेमतेम १०-१५ मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे ५ मिलिग्रॅमसाठी चारशेच्या आसपास कवचं वेचावी लागतात. तेवढी १ सेंमीत मिळत नसतील तर लगतचा एक सेंमी जोडा, पण पट्ट्यांची सीमा ओलांडून नाही. नवी यंत्रं १ मिलिग्रॅमपेक्षा कमीवरही चालतात, प्रयोगशाळेला आधी विचारा. कवचांचा भरघोस थर निवडा. ज्या थरात जात विरळ आहे तिथे शेजारच्या भरघोस थरातली कवचं मिसळून तारीख ओढली जाते. ढवळलेल्या भागात हे हमखास होतं: वरचे १० सेंमी सतत मिसळत असतील आणि गाळ हजार वर्षांत ५ सेंमी बसत असेल, तर प्रत्येक नमुना सुमारे २,००० वर्षांची सरासरी असतो.

कार्बन-वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर मरीन२० वक्राने (समुद्री नमुन्यांसाठीच्या आलेखाने) करा, जमिनीच्या वक्राने नाही. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, आणि आपल्या किनाऱ्यासाठी त्यावर स्थानिक दुरुस्ती लागते. ती १९५० च्या आधी गोळा केलेल्या शिंपल्यांवरून ठरवतात. जुन्या निबंधांतले दुरुस्तीचे आकडे मरीन१३ या आधीच्या वक्राशी जोडलेले असतात. ते मरीन२० सोबत वापरले तर सगळी तारीखवारी सरकते.

माथ्याचं म्हणाल, तर ग्रॅव्हिटी कोअर वजनाने आपटतो, त्यामुळे वरचा सैल गाळ उडतो. किती गेला ते त्याच जागेवरच्या बॉक्स कोअर किंवा मल्टिकोअरशी (माथा न हलवता घेतलेल्या आखूड कोअरशी) जुळवून कळतं. त्यात शिसं-२१० मोजा. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा वेग मिळतो. सीझियम-१३७ चा, अणुचाचण्यांमुळे आलेला १९६३ चा उंचवटा सापडला तर दुसरा पुरावा.

क्षारता

समस्थानिकांबद्दल. एकटं ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) पुरेसं नाही. कवचातलं त्याचं मूल्य तीन गोष्टींनी हलतं. तापमान १ अंशाने वाढलं की ते सुमारे ०.२२ दर हजारी उतरतं. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी जमिनीवरच्या हिमचादरींत पाणी अडकून समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली होता, तेव्हा सगळ्या समुद्रांचं मूल्य सुमारे १ दर हजारी जास्त होतं. या दोन गोष्टी वजा केल्यावर उरतो तो क्षारतेचा (पाण्याच्या खारेपणाचा) भाग, आणि पाऊस त्यात शोधायचा.

तापमानासाठी त्याच जातीच्या, त्याच आकाराच्या कवचांत मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर मोजा. अंशाला सुमारे ९ टक्के वाढ. कवचं दोन काचांमध्ये हलकेच फोडून अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी आणि मिथेनॉलने चिकणमाती काढा, मग आतलं सेंद्रिय द्रव्य अल्कधर्मी पेरॉक्साइडने. हे वरच्या सल्ल्याच्या विरोधात नाही: इथे कवचं फुटलेलीच आहेत आणि द्रावण अल्कधर्मी आहे. शेवटी अगदी सौम्य नायट्रिक आम्ल. ॲल्युमिनियम किंवा लोह मॅग्नेशियमबरोबर वर-खाली होताना दिसलं तर माती राहिली आहे, तो निकाल वापरू नका. तापमानात १ अंशाची चूक म्हणजे पाण्याच्या मूल्यात ०.२२ ची, त्यामुळे लहान चढउतारांना पाऊस म्हणायची घाई नको.

गोव्यासमोर आणखी एक गुंता आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून आलेलं गोडं पाणी क्षारता उतरवतं, हे ठीकच. पण हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह बंगालच्या उपसागराचं कमी क्षारतेचं पाणी उत्तरेकडे आणतो. कवचात दोन्ही एकसारखेच दिसतात. म्हणून ग्लोबिजेरिना बुलॉइडिसची टक्केवारीही मोजा. ती नैऋत्य वाऱ्यांनी वर आलेल्या थंड, पोषक पाण्यात वाढते, म्हणजे वाऱ्याची खूण देते. ओमानच्या किनाऱ्यावर ती जितकी ठळक, तितकी इथे नसते. म्हणून बुलॉइडिस आणि क्षारता एकाच दिशेने हलली तरच उन्हाळी मोसमी वाऱ्यांबद्दल बोला.

रुबर वेचताना एवढं पाळा: गोल, उंच कप्प्यांचं रूप आणि चपटं, दाटीचं रूप एकत्र करू नका. चपटं रूप थोड्या खोल, थंड पाण्यात राहतं. एका थरात एक आणि दुसऱ्यात दुसरं जास्त आलं तर जो फरक दिसेल तो हवामानाचा नसेल.