राब भाजायचा की थांबवायचा? ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांसाठी एक चर्चा (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

किन्हवलीचा बांध
मार्च लागला की शहापूर-मुरबाडच्या वरकसांवर (चढाच्या हलक्या जमिनींवर) धूर दिसायला लागतो. राब भाजणं, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण-पाला रचून जाळणं, आता थांबवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. राबात काय काय रचतात ते बघा. तळाला शेण, त्यावर ऐनाचा टहाळ (पाल्यासकट तोडलेल्या फांद्या), मग गवत-पाचोळा आणि आग दमानं चालावी म्हणून वर बारीक मातीचा थर. हे पेटलं की शेणा-पाल्यातलं नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळं हवेत जातं, गंधकाचाही बराच भाग जातो. राखेत उरतं ते पालाश (पोटॅश), चुना, मॅग्नेशियम आणि स्फुरद (फॉस्फरस). ज्या शेणाचं खत होऊन खाचरात पडायला हवं ते आपण रोपवाटिकेच्या १० गुंठ्यांत जाळतो आणि उरलेल्या हेक्टरभर जमिनीला फक्त युरिया दाखवतो.

याला पर्याय नवा नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. के. सावंत यांच्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. खाचराला गिरिपुष्पाचा पाला, गुंठ्याला ३० किलो, लावणीच्या आठवडाभर आधी. फांद्या खाचरात पसरायच्या, पानं गळून पडली की काड्या उचलून चुलीला न्यायच्या आणि मग चिखलणी. एवढ्या पाल्यातून गुंठ्याला १०० ते १५० ग्रॅम नत्र मिळतं. शेण मात्र खड्ड्यातच जाऊ द्या.

डोळखांबचा माळ
दादा, सुरुवातच चुकली. राब खतासाठी भाजतात हे कुणी सांगितलं? तो तणासाठी भाजतात, आणि रोप खणताना माती सुटावी म्हणून. पालाश मिळतं ते वरचं.

रोपवाटिकेत भाताशेजारी पाखड हे तण उगवलं की पहिले पंधरा दिवस दोन्ही सारखीच दिसतात. पान खोडापासून बाजूला ओढून बेचक्यात पाहिलं तरच फरक कळतो. भाताला तिथं पातळ पांढरी जिभली असते, पाखडाला नसते. १० गुंठ्यांत हे कोण बघत बसणार? मग रोपांच्या मुठीतून पाखडच लावलं जातं आणि बेणणीची (तण काढायची) मजुरी दुप्पट होते. राबाच्या आगीनं वरच्या दोन-तीन सेंटीमीटरातलं तणाचं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या वाचतात, हे कबूल.

आणि तुसाचा हिशोब करा. हेक्टरी ४० क्विंटल भात धरला तर तूस निघतं ८ क्विंटल. पूर्ण जाळलं तर राख दीड क्विंटल, काळं ठेवलं तर अडीच-तीन क्विंटल. तुमच्या १० गुंठ्यांना लागणार ५ ते १० क्विंटल. बाकीचं कुठून आणणार? भात गिरणीवर जातं, तूस तिथंच राहतं.

किन्हवलीचा बांध
तुसाचा हिशोब बरोबर आहे, पण १० गुंठ्यांचा आकडा तेवढा पक्का नाही. दाट पेरतो आणि एका चुडात (एका जागी लावायच्या झुपक्यात) पाच-सहा रोपं कोंबतो म्हणून रोपवाटिका एवढी मोठी लागते. चुडाला दोन-तीनच रोपं लावली तर हेक्टरी ३० किलो बियाणं पुरतं, त्याला ५ गुंठे बस झाले. चौरस मीटरला अर्धा किलो धरलं तर राख लागेल २५० किलो. म्हणजे तुमच्याच हिशोबातल्या तुसात भागतं, फक्त गिरणीवरून तूस परत आणायला हवं.

राख काळीच हवी. ढिगाच्या मध्ये भोकं पाडलेला पत्र्याचा डबा उभा ठेवून त्यात विस्तव करायचा, भोवती तूस रचायचं आणि काळेपणा बाहेर सरकत जाईल तसं आतबाहेर करायचं. सगळं काळं झालं की लगेच पसरून पाणी मारायचं. रात्रभर तसंच सोडलं तर सकाळी पांढरी राख मिळते आणि वजन निम्म्यावर येतं. या काळ्या तुसानंच माती भुसभुशीत होते, म्हणून मूळ न तुटता रोप निघतं. शिवाय त्यात सिलिका भरपूर असल्यानं रोप ताठ राहतं आणि खोडकिडा, करपा यांना अधिक तोंड देतं.

डोळखांबचा माळ
तणाचं उत्तर अजून आलेलं नाही. काळ्या तुसानं पाखड मरत नाही.

सरळगावकर
तणावर उपाय आहे, पण पाणी असलेल्यांसाठी. एप्रिलच्या सुरुवातीला वाफा भिजवून वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद अंथरायचा, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हलवायचा नाही. काळा कागद चालत नाही, तो स्वतः तापतो आणि माती कमी तापते. माती कोरडी असली तरी फायदा नाही, ओल असेल तरच उष्णता खाली उतरते. विहीर किंवा बोअर असलेल्यांनी ५ गुंठ्यांपुरतं हे करावं. मात्र एका हंगामात कागद फाटतो आणि तुकडे शेतात राहतात. ते वेचायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

वाशिंदकर
सगळे रोपवाटिकेवर भांडताय. खरा तोटा खाचरात होतोय, आणि तो पालाशाचा आहे.

संकरित सोडून सुधारित भाताला हेक्टरी १००:५०:५० ही शिफारस धरतात. म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. आता कापणीनंतरचा पेंढा बघा. गुंठ्याला ५० किलो पेंढा निघाला तर त्यात पाऊण ते एक किलो पालाश असतं. तो भरून तबेल्याला गेला की वर्षभराच्या शिफारशीपेक्षा जास्त पालाश एका गाडीत शेताबाहेर जातं. बदल्यात युरिया आणि डीएपी येतं, ज्यात पालाश शून्य. राबाची राख पडते दहाव्या हिश्श्यावर. ती रोपांना पुरते, खाचराला नाही.

चारसूत्रीची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दोन्ही खतं दाबून केलेली गोळी, चांगली आहे, पण तिचाही हिशोब पूर्ण वाचा. २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मध्ये, म्हणजे गुंठ्याला ६२५ गोळ्या, वजन १ किलो ७०० ग्रॅम. त्यातून नत्र ५८०-५९० ग्रॅम, स्फुरद ३०० ग्रॅम. फोकून (हातानं विखरून) दिलेल्या किलोभर नत्राचं काम एवढ्यात होतं, कारण आपल्याकडच्या पावसात वरच्या खाचराचा युरिया बांधावरून खालच्या शेजाऱ्याकडे जातो आणि गोळी चिखलात टिकून राहते. पालाश मात्र तिच्यातही नाही. ज्याचा पेंढा विकला जातो त्यानं गुंठ्याला ८००-८५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश चिखलणीत द्यावं, नाहीतर निदान गुडघाभर ताटं शेतात ठेवून कापावं.

सरळगावकर
ब्रिकेटबद्दल एक भर. गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल गेली पाहिजे, आणि लावणीच्याच दिवशी. दोन-तीन सेंटीमीटरवर अडकली की ती पाण्यात विरघळते आणि गत फोकलेल्या युरियासारखी होते. चिखल फार पातळ असेल तर बोटाचं भोक बुजत नाही, म्हणून चिखल थोडा बसू द्यावा. १५ आणि २५ सेंटीमीटरच्या खुणांची दोरी न लावता अंदाजे लावणी केली तर चौकोन सापडतच नाही, आणि मजूर गोळ्या मूठभर एकाच जागी टाकतात. तिथं भात काळपट हिरवं होऊन लोळतं. पाणी झपाट्यानं मुरणाऱ्या माळाच्या हलक्या जमिनीत गोळीचा भरवसा धरू नये. तिथं नत्र ४०-४०-२० टक्के असं तीन हप्त्यांत द्यावं आणि प्रत्येक वेळी आधी पाणी उतरवावं.

ऐरोलीकर
शेण कमी पडतं म्हणून राब, टहाळ, तूस असं सगळं ओढूनताणून चाललंय. तुर्भ्याच्या बाजार समितीत रोज भाजीपाल्याचा ढीग निघतो. त्याचं कंपोस्ट ठाणे जिल्ह्यातल्या खाचरांत का जाऊ नये? शहर खातं ते शेतातून येतं, मग परत शेतात जायला हवं.

वाशिंदकर
तत्त्व मान्य आहे, पण गोणी उघडल्याशिवाय घेऊ नका. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा ठरवून दिल्या आहेत. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांच्या वर नको, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत हवं. विकणाऱ्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा. घरी करता येणारी परीक्षा म्हणजे मूठभर कंपोस्ट ओलं करून पिशवीत घट्ट बांधायचं आणि तीन दिवसांनी उघडायचं. घाण वास आला तर ते कच्चं आहे, मातीतलंच नत्र ओढून घेईल. क्षार जास्त असू शकतात, म्हणून रोपवाटिकेत मुळीच नको. आणि नत्र टक्का-सव्वा टक्काच, त्यातलंही पहिल्या हंगामात पाव-तिसरा हिस्सा सुटतं. तुर्भ्याहून डोळखांबला ट्रक नेण्यापेक्षा मुरबाड रस्त्यावरच्या भेंडीवाल्यांना ते जास्त परवडेल.

धसई
सगळे किलो-ग्रॅम बोलताय, पण माती कुणाची? २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते, पण कोरडवाहू भागात एक नमुना १० हेक्टरच्या चौकटीतून घेतात. वीस गुंठेवाल्याच्या पत्रिकेवरचा आकडा शेजारच्या खाचराचा असू शकतो. आपला नमुना आपणच काढावा. कापणीनंतर, खत पडायच्या आधी, बांध आणि झाडाची सावली सोडून आठ-दहा जागी इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यावा, कडेची १५-२० सेंटीमीटरची चकती काढावी, सगळी माती मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकत जावेत आणि अर्धा किलो उरली की सावलीत वाळवावी. वरकस आणि खाचर यांची माती एकत्र करू नये.

डोळखांबचा माळ
पोटॅशचा आणि मातीच्या नमुन्याचा मुद्दा पटला. राबाचा नाही. १८८७ च्या मुंबई वन आयोगापासून ठाण्याच्या शेतकऱ्याला राब सोड म्हणून सांगणं चालू आहे, आणि दर वेळी तण कोण काढणार हा प्रश्न तसाच राहतो. विहीर नसलेल्या चढाच्या माळावर कागद बिनकामाचा आणि रोपांसाठी उंच केलेला गादीवाफा पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातो.

तरी तुलना करायची तर अशी करू. एकाच जागी, एकाच बियाण्याचा, अर्धा गुंठा राब आणि अर्धा गुंठा काळं तूस. राबात शेण घालायचं नाही, फक्त पाचोळा आणि गवत, आणि ऐनाची झाडं शेंड्यापर्यंत ओरबाडायची नाहीत. एकविसाव्या दिवशी दोन्हीकडे चौरस फुटातलं पाखड मोजायचं, आणि शंभर मुठी खणायला किती वेळ लागला तो लिहायचा.

किन्हवलीचा बांध
मान्य. आजूबाजूला दहा हात रुंद पट्टा साफ करून, संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवायचं, म्हणजे वणवा लागणार नाही. आणि तूस मेच्या मध्याच्या आत गिरणीवरून आणून छपराखाली ठेवा. वळवात भिजलेलं तूस पेटत नाही, नुसतं धुमसतं.