कुत्र्याला नदी-तलावात पोहायला नेताना आलेले अनुभव

पाणी दिसताच ज्यांच्या हातातून पट्टा सुटतो, अशा कुत्र्यांच्या पालकांसाठी हा धागा आहे. माझी लॅब्रॅडोर कुत्री गेली सात वर्षे नदीत, तलावात आणि समुद्रात पोहत आली आहे, आणि तिचे हे सुख काढून घ्यावे असे मला कधीही वाटलेले नाही. मात्र गेल्या वर्षी ओळखीतल्या एका घरातला धडधाकट कुत्रा तलावातून पोहून आला आणि दोन दिवसांत गेला. बुडण्याची भीती आपल्या सर्वांच्या मनात असते; पण पाण्यात जे दिसत नाही, किंवा दिसूनही ओळखता येत नाही, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आपल्या कुत्र्याला पाण्यामुळे काय त्रास झाला, पाण्यातून बाहेर आल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत किती वेळ गेला, ते कशावरून ओळखले आणि त्यानंतर आपण कोणती सवय बदलली, हे कृपया सविस्तर लिहावे. औषधांच्या मात्रा मात्र लिहू नयेत, कारण त्या कुत्र्याच्या वजनावर आणि आजारावर ठरतात आणि वाचून कोणी घरीच उपचार करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात माझ्यापासून करते. थंडीच्या दिवसांत तासभर पोहल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कुत्रीची शेपटी बुडाशी थोडी आडवी आणि पुढे दोरीसारखी निर्जीव लोंबत होती, आणि हात लावला की ती कळवळत होती. हाड मोडले असावे असे मला वाटले. प्रत्यक्षात थंड पाण्यात शेपटीचा सुकाणूसारखा सतत वापर झाल्यामुळे तिच्या बुडाशी असलेले स्नायू दुखावले होते. विश्रांती आणि पशुवैद्यांनी दिलेले औषध यांनी ती पाच दिवसांत बरी झाली. त्या सकाळी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह मला झाला होता. तशा गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला, यकृताला किंवा मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते, हे नंतर कळले तेव्हा अंगावर काटा आला.

*

मी हे तीन वर्षांनंतर प्रथमच लिहीत आहे. माझ्याकडे दोन कुत्रे होते, काळू आणि मोती. सलग काही दिवस कडक ऊन पडले होते, तलावाचे पाणी हलत नव्हते, आणि आमच्या बाजूच्या काठाला हिरवा रंग सांडल्यासारखा एक पातळ थर येऊन साचला होता. पलीकडचा काठ स्वच्छ होता. वारा त्या थराला ढकलत एका काठाशी गोळा करतो, हे मला ठाऊक नव्हते; शेवाळ आहे, त्याने काय होणार, असे समजून मी दोघांचेही पट्टे सोडले. मोती सरळ खोल पाण्यात पोहत गेला. काळू मात्र पोहण्यापेक्षा काठाशी उभा राहून पाणी पीत होता, आणि बाहेर आल्यावर अंगाला चिकटलेला हिरवा थर चाटत बसला.

गाडीत बसून वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील, तोच काळूच्या तोंडातून लाळ गळू लागली. मागचे पाय थरथरले, तो उभा राहू शकेना, आणि थोड्याच वेळात त्याला झटके आले. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास थांबत आला होता. तो वाचला नाही. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो दुसऱ्या कुत्र्याविषयी: तो कुठे आहे आणि त्याचे अंग धुतले का? मोती गाडीतच होता आणि स्वतःला चाटत होता. तिथल्या लोकांनी हातमोजे घालून त्याला नळाच्या पाण्याने दोनदा स्वच्छ धुतले, दोन दिवस ठेवून घेतले आणि यकृताच्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या. तो आजही माझ्याजवळ आहे.

त्यानंतर मी जे जाणून घेतले, ते इथे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. ज्याला आपण नीलहरित शैवाल म्हणतो ते खरे शैवाल नसून जीवाणू आहेत, आणि त्यांच्या काही जाती विषे तयार करतात. ॲनाटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर काही मिनिटांपासून काही तासांत परिणाम करते, तर मायक्रोसिस्टिन यकृतावर घाला घालते आणि त्याची लक्षणे दिसायला कित्येक तास किंवा एखाद-दोन दिवसही लागू शकतात. या विषांवर उतारा नाही. जे काही करता येते ते कुत्र्याला तगवून धरण्यासाठी असते, म्हणून वेळ सर्वांत मोलाची ठरते. पाणी उकळल्याने मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही. हा धोका नवाही नाही: ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावर असा थर पिऊन जनावरे मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये केली होती.

आता मी पाण्याजवळ गेलो की आधी एक लांब काठी त्या हिरव्या थरात फिरवतो. केसांसारखे लांब तंतू काठीला गुंडाळून वर आले, तर ते बहुधा साधे शेवाळ असते. काठीला रंग फासल्यासारखा लेप बसला, तर मोतीचा पट्टा मी सोडत नाही. तो लेप विषारी आहे की नाही हे काठीवरून किंवा डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही, त्यामुळे शंका आली की आम्ही परत फिरतो.

*

वरच्या अनुभवाला एक जोड द्यावीशी वाटते, कारण आमच्या बाबतीत पाणी अगदी नितळ होते आणि वर कोणताही थर नव्हता. उथळ नदीतल्या दगडांवर काळपट तपकिरी साय धरलेली होती आणि पाणी ओसरल्यामुळे तिचे वाळलेले पापुद्रे काठावर पडले होते. त्यांना मातकट, कुबट वास येत होता, आणि माझी कुत्री तेच पापुद्रे आवडीने चघळू लागली. हेही नीलहरित जीवाणूंचेच थर असतात, वाळल्यावरही त्यांत विष राहू शकते, आणि त्यांच्या वासाकडे कुत्री ओढली जातात. सुदैवाने एका सोबत्याने ते ओळखले. कोणतेही लक्षण दिसण्याआधी आम्ही दवाखाना गाठला, तिथे तिला उलटी करवली, आणि ती बचावली. तिला उलटी करवणे योग्य आहे की नाही हा निर्णय पशुवैद्यांनीच घेतला. झटके सुरू झालेल्या कुत्र्याला उलटी करवल्यास ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, असे त्यांनी बजावले.

*

आमच्या शेरूला पाण्यातून आजार झाला आहे हे लक्षात यायला आम्हाला फार उशीर झाला, कारण तो पोहला त्या दिवसापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत नऊ दिवस उलटले होते. जोरदार पावसानंतर साचलेल्या एका मोठ्या डबक्यात तो दहा-पंधरा मिनिटे डुंबला होता. पंजाला आधीच एक लहानशी जखम होती. नवव्या दिवशी त्याने खाणे सोडले, उलट्या झाल्या, चालताना अंग दुखत असल्यासारखा तो पाय टाकू लागला आणि पाणी मात्र भराभर पिऊ लागला. काहीतरी चुकीचे खाल्ले असेल असे समजून आम्ही एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याचा ताप ४०.२ अंश सेल्सियस निघाला. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश असते. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर दिसत होत्या. ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत साचलेल्या पाण्यात गेला होता का?’ असे पशुवैद्यांनी विचारले, तेव्हा कुठे ते डबके मला आठवले.

तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर, गुरे आणि इतर प्राणी यांच्या लघवीतून हे जीवाणू पाण्यात व चिखलात येतात, ओलसर जागी आठवडेच्या आठवडे टिकतात, आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. शेरूच्या यकृतावर आणि मूत्रपिंडांवर सूज होती. सहा दिवस सलाईन आणि इंजेक्शने, त्यानंतर मूत्रपिंडांत दडलेले जीवाणू जावेत म्हणून दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन, असा उपचार झाला आणि तो बरा झाला. हा आजार माणसांनाही होतो, त्यामुळे त्याची लघवी हातमोजे घालून आणि जंतुनाशक वापरून साफ करावी लागली. घरात लहान मूल असल्यामुळे आम्ही आमच्या डॉक्टरांनाही लगेच कळवले.

मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट म्हणजे त्याच्या लसीची मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपली होती. लेप्टोस्पायरोसिसची लस सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि पुढे दरवर्षी घ्यावी लागते. ती सर्व उपप्रकारांपासून संरक्षण देत नाही हे खरे, पण पाण्यात जाणाऱ्या कुत्र्याची ही लस चुकवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुसळधार पावसानंतर काही दिवस आम्ही आता कोणत्याही पाण्याकडे फिरकत नाही, आणि पंजे तपासल्याशिवाय घरातून निघत नाही.

*

मी एका पशुवैद्यकीय दवाखान्यात अकरा वर्षे साहाय्यक म्हणून काम करते. पोहून आलेल्या कुत्र्यांपैकी आमच्याकडे सर्वाधिक येतात ते कानांच्या तक्रारींनी. लोंबत्या कानांत ओल राहते, दोन-तीन दिवसांनी कुत्रा डोके झटकू लागतो, कान खाजवतो आणि कानाला आंबूस वास येतो. पोहल्यानंतर कानाची पाळी उलटी करून दिसेल तेवढा भाग कोरड्या मऊ कापडाने टिपावा; कापसाची काडी आत घालू नये, कारण त्याने मळ आणखी खोल ढकलला जातो. दाट केसांच्या कुत्र्यांच्या पट्ट्याखालची कातडीही ओली राहून एका रात्रीत लाल, चिकट आणि वेदनादायक होते.

दुसरी गोष्ट गळाची. मासे धरण्याचा गळ ओठात किंवा पंजात रुतला तर तो ओढू नये. त्याच्या टोकाला उलटा काटा असतो आणि मांस फाटते. गळ गिळला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल, तर तो दोरा ओढू नये आणि मुळाशी कापूही नये. तसाच ठेवून कुत्र्याला घेऊन यावे, म्हणजे आम्हाला गळापर्यंत पोहोचता येते.

*

पाणी पूर्णपणे स्वच्छ असूनही माझी चिमी मरणाच्या दारातून परत आली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. ती फक्त सहा किलोंची आहे. तलावात फेकलेला चेंडू ती सुमारे पाऊण तास आणत राहिली, आणि आम्हाला तिच्या उत्साहाचे कौतुकच वाटत होते. चेंडू तोंडात धरून पोहताना तिचा जबडा सतत उघडा राहत होता आणि प्रत्येक फेरीत पाणी पोटात जात होते. बाहेर आल्यावर तिचे पोट टम्म दिसले, ती झोकांड्या देऊ लागली, पाण्याची उलटी झाली आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. दमली असेल, असे समजून आम्ही तिला अंगावर चादर घालून निजवले; ही आमची सर्वांत मोठी चूक होती. तासाभरात तिला झटका आला. कुत्र्याच्या रक्तातील सोडियम साधारण १४० ते १५५ मिलिमोल प्रतिलिटर असते, चिमीचे ११८ वर उतरले होते. शरीरात पाणी अति झाले की सोडियम विरळ होते आणि मेंदूला सूज येते. ते वेगाने वर आणले तरी मेंदूला इजा होते, त्यामुळे दीड दिवस ते थेंबाथेंबाने सावकाश भरून काढावे लागले.

आता आम्ही गोल चेंडूऐवजी चपटी चकती फेकतो, म्हणजे तोंड फार उघडावे लागत नाही, आणि दर दहा मिनिटांनी तिला पाण्याबाहेर बसवून लघवीला नेतो.

*

समुद्रावर याच्या उलट घडते. आमचा कुत्रा तहान लागली म्हणून खारे पाणी प्यायला आणि त्याच संध्याकाळी त्याला पाण्यासारखे जुलाब झाले. खारे पाणी बरेच पोटात गेले तर सोडियम धोकादायक रीतीने वाढते आणि त्यानेही झटके येऊ शकतात. आम्ही आता गोडे पाणी आणि वाटी बरोबर नेतो, आणि त्याला समुद्रात जाऊ देण्याआधीच पाजतो. तहानलेला कुत्रा समोरचे पाणी खारे आहे म्हणून थांबत नाही.

*

आमच्या कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून दोन आठवडे थोडे थोडे रक्त येत होते आणि तो सारखा शिंकत होता. शेवटी भूल देऊन पाहिले, तेव्हा नाकात जळू निघाली. झऱ्याचे पाणी पिताना ती लहान असताना आत गेली असावी आणि रक्त पिऊन मोठी झाली असावी. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल आणि कुत्रा झऱ्यावर किंवा ओढ्यावर पाणी प्यायला असेल, तर ही शक्यता पशुवैद्यांना आवर्जून सांगावी.

*

मूळ प्रश्नात बुडण्याची भीती सर्वांना असते असे म्हटले आहे, परंतु मला ती पुरेशी नव्हती. माझा कुत्रा उत्तम पोहणारा होता, त्यामुळे तो पाण्यात कुठून उतरतो एवढेच मी पाहत असे. बाहेर कुठून येणार, हा विचार मी केला नव्हता. त्या दिवशी प्रवाहाने त्याला चाळीस-पन्नास पावले खाली नेले आणि तिथे काठ उभा, निसरडा होता. तो पुढचे पंजे काठावर टेकवत होता आणि पुन्हा पुन्हा घसरत होता. मी पालथा पडून त्याच्या गळ्यातला पट्टा धरला, तर डोके त्यातून निसटू लागले. कसाबसा मानेच्या कातडीला धरून मी त्याला ओढून घेतले. त्या रात्री तो खोकत होता आणि श्वास जलद होता. पाणी फुप्फुसात गेल्यामुळे न्यूमोनिया झाला होता आणि चार दिवस त्याला प्राणवायूवर ठेवावे लागले.

आता तो दहा वर्षांचा आहे आणि लवकर दमतो. पाठीवर धरण्याची मूठ असलेले तरंगते जाकीट घातल्याशिवाय मी त्याला पाण्यात सोडत नाही. गळ्यातला पट्टा फांदीत अडकू नये म्हणून आधीच काढून ठेवतो. पोहोचल्यावर मी प्रथम एकटाच प्रवाहाच्या दिशेने काठाने चालत जातो आणि त्याला स्वतःहून चढून येता येईल अशा दोन जागा शोधतो. तोवर तो झाडाला बांधलेला असतो आणि खूप ओरडतो.