पान माझ्या ब्राउझरमध्ये, मग मांडणी तुमची का?

तिरकस: काल चौकटीतला यांनी लिहिलं, ‘यूजरस्क्रिप्ट टाकून मांडणी बदलणं म्हणजे डिझायनरच्या कामावर रेघोट्या मारणं.’ अहो, यूजरस्क्रिप्ट म्हणजे उघडलेल्या पानावर वाचकानं स्वतः चालवलेला छोटा कोड. आणि पान माझ्या मशीनवर उघडतं! अशा स्क्रिप्ट चालवणारं ग्रीसमंकी हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) २००५ पासून आहे, इतक्या वर्षांत कुठला डिझायनर उपाशी मेला? अर्धा स्क्रीन खाणारा, पान सरकवलं तरी वर चिकटून राहणारा हेडर मी उडवतो. उडवणारच.

चौकटीतला: उडवा की. पण आम्ही साइटवाल्यांनी क्लासची, म्हणजे कोडमध्ये पानाच्या भागांना दिलेली, नावं बदलली की तुमची स्क्रिप्ट फुटते आणि बोंब आमच्या नावानं. एकानं ‘बटण गायब’ म्हणून आमचा अख्खा दिवस खाल्ला. बटण त्याच्याच स्क्रिप्टनं लपवलेलं!

चष्मेवाली: पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तुम्हीच देता ना? साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, हे वेब मानकातच आहे. ते पाळा, मग रेघोट्यांचं बोला.

आळशी_कोडर: रंग, रुंदी, हेडर यांना स्क्रिप्ट कशाला? स्टायलस हे एक्स्टेन्शन टाका, चार ओळी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा), विषय संपला.

शंकासुर: स्टायलिश या तसल्याच एक्स्टेन्शननं लोकांची ब्राउझिंग हिस्टरी गोळा केली, २०१८ मध्ये क्रोम-फायरफॉक्सनं हाकललं. विसरलात?

आळशी_कोडर: वाचता येतं का? स्टायलस म्हणालो. स्टायलिशच्या त्याच धंद्यांना कंटाळून लोकांनी काढलेला वेगळा फाटा आहे तो.

शंकासुर: आज स्वच्छ आहे. उद्या विकला तर? सगळ्या साइट वाचायची परवानगी देऊन बसलात. ग्रीसमंकीसारख्याच टॅम्परमंकीचा तर आताचा सोर्सही (मूळ कोड) खुला नाही.

तिरकस: म्हणून मी खुल्या सोर्सचं व्हायोलेंटमंकी वापरतो, आणि मॅचमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट कुठे चालेल ते सांगणाऱ्या ओळीत, एकच डोमेन.

शंकासुर: मॅच स्क्रिप्टला बांधतं, एक्स्टेन्शनला नाही! एवढंही माहीत नाही आणि चालले हक्क सांगायला.

तिरकस: आवाज खाली. क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनचा साइट अ‍ॅक्सेसही ठरावीक साइटपुरता ठेवता येतो. तो ठेवलाय.

शंकासुर: बरं बाबा, तुम्ही एकटे शहाणे. बाकीचे कुठूनही स्क्रिप्ट उचलतात, न वाचता.

चष्मेवाली: मूळ विषय मेला वाटतं. आळशी, सीएसएसनं एका डब्यातला भाग दुसऱ्या डब्यात नेऊन दाखवा. सीएसएसची ऑर्डर, म्हणजे क्रम बदलायची सोय, एकाच पालक डब्याच्या आत चालते.

आळशी_कोडर: तेवढ्यापुरती स्क्रिप्ट लागते, मान्य. पण पान रीलोड न होता मजकूर बदलला की स्क्रिप्टमध्ये म्यूटेशन ऑब्झर्व्हर (पानातल्या बदलांवर नजर ठेवणारा कोड) लावत बसा. माझं सीएसएस आपोआप लागतं.

चौकटीतला: काय हवं ते लावा. तक्रार करण्याआधी सगळं बंद करून एकदा बघा, एवढे उपकार करा.

तिरकस: बघतो. तुम्ही तो हेडर काढा.